पांदण, पाटा आणि मिस्त्री : पुसद परिसरातील एका हुनराचा इतिहास

पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस या भागात शेताकडे जाणाऱ्या वाटेला पांदण म्हणतात. दोन्ही बाजूंना काट्यांचे कुंपण, मधे काळी चिकण माती आणि त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या उमटत आलेल्या चाकोऱ्या. उन्हाळ्यात या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात आणि पावसाळ्यात तीच माती चाकाला धरून बसते. पैनगंगेच्या आणि पूस नदीच्या खोऱ्यातला कापूस, ज्वारी, तूर, ऊस आणि जंगलातले सागवान याच वाटांनी बाहेर पडले. त्या मालाचा इतिहास लिहिला गेला आहे. कापसाच्या बाजाराचा आहे, रेल्वेचा आहे, सहकाराचाही आहे. मात्र ज्या गाड्यांनी तो माल चिखलातून ओढून काढला, त्यांचे आस आणि पाटे कोणी घडवले, मोडल्यावर कोणी पुन्हा उभे केले, याची नोंद क्वचितच झाली. हे काम करणाऱ्यांत मुसलमान मिस्त्रींचा वाटा मोठा होता आणि आजही आहे. म्हणूनच या पानांवर हा विषय मांडावासा वाटला.

सुरुवातीलाच दोन शब्दांचा खुलासा केलेला बरा. आस किंवा कणा म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. मोटारीच्या जमान्यात त्याला एक्सल म्हणू लागले. पाटा म्हणजे चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधे बसवलेल्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. हिंदी-उर्दू बोलणारे त्याला कमानी म्हणतात. फारसीत कमान म्हणजे धनुष्य. मराठीने तोच शब्द दरवाजाच्या कमानीसाठी घेतला आणि कारागिरांनी गाडीच्या पाट्यासाठी. आडवाटेवर चालणाऱ्या गाडीचे इंजिन एकवेळ कमी ताकदीचे चालेल, पण तिचा आस आणि पाटा कच्चा असून चालत नाही. खड्ड्याचा प्रत्येक धक्का आधी या दोघांनाच सोसावा लागतो.

बंडीचा आस

1853 साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. त्याआधी या मुलुखातला बराचसा माल बैलांच्या पाठीवरून जात असे. बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ लादलेले बैल घेऊन लांब लांब फिरत. पाठीवरच्या ओझ्याला चाक लागत नाही, म्हणून आसही लागत नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 साली रेल्वे नागपूरला पोहोचली. आता कापूस स्थानकापर्यंत नेण्यासाठी गाड्या हव्या होत्या आणि गाड्यांसाठी सुतार व लोहार.

पुसद तालुका त्या काळी वाशीम जिल्ह्यात होता. 1905 साली तो जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळकडे आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी आली, जी पुढे शकुंतला या नावाने प्रसिद्ध झाली. तरीही शेतापासून बाजारापर्यंतचा रस्ता बंडीचाच राहिला.

वऱ्हाडात ओझ्याच्या गाडीला बंडी म्हणत, माणसे नेणाऱ्या हलक्या गाडीला दमणी किंवा रेंगी. बंडीला पाटा नव्हता. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि मधे आस. पूर्वी हा आस लाकडाचा असे, पुढे लोखंडाचा आला. चाक निसटू नये म्हणून टोकाला खीळ आणि घर्षण कमी व्हावे म्हणून वंगण. धाव चढवणे हे गावातले मोठे काम असे. लोखंडी कडे चाकापेक्षा किंचित लहान करायचे, गोवऱ्यांच्या आगीत तापवायचे, तापून फुगले की चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. कडे आकसले की सारे आरे जागच्या जागी आवळले जात. तापल्यावर लोखंड किती फुगते आणि निवल्यावर किती आकसते, याचे हे ज्ञान लोहाराने कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नव्हते.

हे काम गावच्या लोहारासोबत घिसाडीही करत. पाल ठोकायचे, जमिनीत भट्टी खणायची, आठ दिवसांत गावाची औजारे नीट करायची आणि पुढच्या गावाला निघायचे. हत्यारांना धार लावणारे शिकलगार, घोड्याला नाल ठोकणारे नालबंद हे व्यवसायही याच विस्तवाभोवतीचे. शिकलगार हा शब्द 'सैकल' म्हणजे चकाकी देणे या अरबी शब्दावरून आला. आज ही नावे अनेक मुसलमान घराण्यांची आडनावे म्हणून उरली आहेत.

पाटा आमच्या भागात आला तो टांग्याबरोबर. इंग्लंडमध्ये ओबाडाया एलियट याने 1804 साली कमानीदार पाट्यांवर बग्गी बसवण्याचे पेटंट घेतले. त्याआधीच्या जड बग्ग्यांना खालून लांबलचक लाकडी दांडा लागत असे. पाट्यांमुळे तो दांडा गेला आणि गाडी हलकी झाली. तीच घडण पुढे हिंदुस्थानातल्या टांग्यांत उतरली. टांगेवाल्याचा पाटा तुटला की तो लोहाराकडेच जाई. त्यामुळे मोटार येण्याआधीच आपल्या तालुक्याच्या गावांतल्या लोहाराचा हात पोलादी पाट्यावर बसलेला होता.

डिस्पोजलच्या गाड्या

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. चारही चाकांना इंजिनाची ताकद, पुढे-मागे अखंड एक्सल आणि चारही बाजूंना पाटे, अशी तिची साधी घडण होती. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपा आणि ट्रक हिंदुस्थानात मोडीच्या भावात विकले गेले. जुने लोक अशा गाडीला 'डिस्पोजलची गाडी' म्हणत. फिलिपिन्समध्ये याच जीपा लांब करून लोकांनी त्यांच्या प्रवासी गाड्या बनवल्या, त्यांना जीपनी म्हणतात. आपल्याकडे त्या कंत्राटदार, लाकूड व्यापारी आणि बागायतदारांकडे गेल्या.

याच काळातली एक गोष्ट आपल्या वाचकांना रुचेल. 2 ऑक्टोबर 1945 रोजी महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी मिळून पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली. तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 साली कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा असे झाले. भारतात विलीज जीप जोडण्याचे काम याच कंपनीने हाती घेतले. खेड्यापाड्यांत जीप हा शब्द पोहोचला तो त्यामुळे. ट्रकच्या बाबतीत 1954 हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. 1969 साली तो करार संपला आणि गाडीवर टाटांचे स्वतःचे चिन्ह आले.

गाडी आली, पण तिचे सुटे भाग तिच्यामागोमाग आले नाहीत. डिस्पोजलच्या गाडीला तर कारखानदारच या देशात नव्हता. आयातीवर बंधने होती, परदेशी चलन मोजूनमापून मिळे. पुसदसारख्या गावात मोडलेल्या एक्सलसाठी नागपूर किंवा मुंबईहून भाग येईपर्यंत हंगाम निघून जाई. स्वातंत्र्यानंतरची अनेक दशके पुसदचे सारे ओझे रस्त्यानेच वाहिले. वर्ध्याहून यवतमाळ, पुसदमार्गे नांदेडला जाणाऱ्या रेल्वेचा पहिला टप्पा वर्धा ते कळंब, तोही 2024 साली सुरू झाला.

दुसरीकडे कामे मात्र वाढत होती. पुसदजवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. त्याच काळात पूस नदीवर धरण झाले, 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली. मुरूम, दगड, खडी वाहणारी गाडी डांबरी सडकेवर कमी आणि खाणीच्या, नाल्याच्या वाटेवर जास्त चाले. पाटे तुटत, एक्सल पिळवटत. ज्या गावात कारखाना नाही तिथे मिस्त्रीलाच कारखाना व्हावे लागले.

पाटा कसा घडतो

आता कामाकडे वळू. पाट्याचा जुडगा सात, नऊ, कधी अधिक पट्ट्यांचा असतो. सर्वांत वरची पट्टी सर्वांत लांब, तिच्या दोन्ही टोकांना गोल डोळे वळवलेले असतात. खालच्या पट्ट्या क्रमाने आखूड. मधोमध सगळ्यांना बांधणारा सेंटर बोल्ट, आणि जुडगा एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट. एक डोळा सांगाड्याला पिनने पक्का बसतो. दुसरा मात्र शॅकलवर झुलता ठेवावा लागतो, कारण ओझ्याखाली कमान सपाट झाली की पाट्याची लांबी वाढते. दोन्ही टोके पक्की जखडली तर पाटा नाहीतर सांगाडा, एक काहीतरी तुटणारच.

कोणी विचारील, इतक्या पट्ट्या कशाला, एकच जाड पट्टी का नको? याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठरपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. जाड पट्टी ओझे उचलील पण लवणार नाही आणि प्रत्येक खड्डा थेट सांगाड्याला लागेल. पातळ पट्ट्या एकत्र ठेवल्या तर ओझे सगळ्या मिळून घेतात आणि प्रत्येकीचे लवणे शाबूत राहते. शिवाय त्या एकमेकींवर घासतात, म्हणून धक्का बसल्यावर गाडी फार वेळ डोलत नाही. नवशिका कामगार ओझे वाढले की जाड पट्टी टाकतो. जाणता मिस्त्री आहे त्याच जाडीची एक पट्टी वाढवतो.

घरचा पाटा बहुधा मोठ्या ट्रकच्या जुन्या पाट्यातून निघतो. तडा नसलेली पट्टी निवडायची, मापात कापायची, कोळशाच्या भट्टीत तापवायची, लांब सांडशीने ऐरणीवर धरायची आणि घणाने कमान द्यायची. डोळा लोखंडी गजाभोवती वळवायचा. खरी कसोटी यानंतर सुरू होते. पाट्याच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन आणि थोडे सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते. ते सुमारे 850 ते 900 अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवले की अतिशय कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. मग पुन्हा सुमारे 450 ते 500 अंशांपर्यंत तापवून हळूहळू निववले की कठीणपणा थोडा उतरतो आणि लवचीकपणा येतो. पहिल्या तापानंतर पाण्यात बुडवले तर पट्टी तडकण्याची भीती, म्हणून तेल.

मिस्त्रीकडे उष्णता मोजण्याचे यंत्र नसते. तो रंग ओळखतो, तोही दुपारच्या उन्हात नाही तर सावलीत, कारण उन्हात लाल रंग फसवतो. लोहचुंबक हाही त्याचा साक्षीदार आहे. सुमारे 770 अंशांच्या वर पोलादाला चुंबक चिकटत नाही. चुंबक सुटला की अजून थोडा ताप, मग तेल. दुसऱ्या तापाला लाकडाची काडी पट्टीवर घासून ती कशी जळते ते पाहतात. मराठीत या कामाला 'पाणी देणे' म्हणतात, उर्दूत 'आब देना'. फारसीत आब म्हणजे पाणीच. मराठीत तेजस्वी माणसाला पाणीदार म्हणतात आणि रुबाबदार माणसाला आबदार. दोन्ही शब्द लोहाराच्या कुंडीतून निघालेले आहेत, हे बोलताना आपल्या ध्यानात राहत नाही.

बाकीचे सामानही असेच घरचे. यू-बोल्ट जाड गजातून वाकवून, टोकांना आटे पाडून करतात. शॅकलच्या पट्ट्या जाड पत्र्यातून, बुश गनमेटलमधून लेथवर. एक नियम मात्र जुने मिस्त्री कटाक्षाने पाळतात. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करायचे नाही. वेल्डिंगच्या आचेने शेजारचे पोलाद ठिसूळ होते आणि पाटा पुन्हा तिथेच, जोडाच्या कडेला तुटतो.

एक्सल का तुटतो

एक्सल बहुतेक वेळा एका दिवसात तुटत नाही. तुटलेले तोंड नीट पाहिले तर त्याचा काही भाग गुळगुळीत, गंजलेला, काळपट दिसतो आणि उरलेला भाग खडबडीत व चमकदार. काळपट भाग म्हणजे जुनी तड, जी महिनोन्‌महिने रोज थोडी पुढे सरकत होती. चमकदार भाग त्या दिवशी तुटला. 'हा एक्सल आज नाही तुटला, मागच्या साली तुटला' असे मिस्त्री म्हणतो तेव्हा तो थट्टा करत नसतो.

हीच गोष्ट शिकायला युरोपला मोठी किंमत द्यावी लागली. 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासांहून अधिक माणसे मेली. त्यानंतर रँकिन या इंजिनिअरने दाखवून दिले की आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या काटकोनी कोपऱ्यापासून तड सुरू होते, म्हणून तिथे गोलाई ठेवावी. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर याने वर्षानुवर्षे आसांवर प्रयोग केले आणि कमी ओझेही लाखो वेळा आलटून पालटून पडले तर लोखंड थकते, हे सिद्ध केले. आज लेथवर एक्सल उतरवणारा जाणता कारागीर कोपऱ्यात गोलाई सोडतो आणि हत्याराचे ओरखडे घासून काढतो. रँकिनचे नाव त्याने ऐकलेले असेलच असे नाही. त्याच्या उस्तादाने त्याला सांगितलेले असते की कोपरा धारदार ठेवलास तर गाडी घाटात उभी राहील. पुसदहून वाशीमकडे जाताना खंडाळ्याचा घाट लागतो. भरलेल्या गाडीचा एक्सल तिथे तुटला म्हणजे काय होते, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

ट्रकच्या मागच्या एक्सलची एक खुबी सांगण्यासारखी आहे. मोठ्या ट्रकमध्ये गाडीचे वजन बाहेरच्या नळीवर, म्हणजे हौसिंगवर असते. आतला दांडा फक्त चाक फिरवतो. त्यामुळे तो तुटला तरी चाक निखळत नाही आणि जॅक न लावता, बाहेरचे बोल्ट काढून दांडा ओढून काढता येतो. लहान गाड्यांत पुष्कळदा वजनही आतल्या दांड्यावरच असते. तिथे दांडा तुटला की चाकच बाहेर येते. पांदणीने चालणाऱ्या गाडीला मोठ्या गाडीचे हौसिंग बसवण्याची कारागिरांची धडपड या एका कारणाने होती.

परतीचा प्रवास

जुना एक्सल आणि जुना पाटा भंगारात जाऊन संपत नाहीत. 1936 साली बंगालमध्ये साहागंज इथे डनलप कंपनीचा टायर कारखाना सुरू झाला. पुढे हवेच्या टायरच्या बैलगाडीला लोक डनलप गाडी किंवा टायरगाडी म्हणू लागले. तिच्यासाठी आस, हब आणि बेअरिंग हवे होते, आणि ते मिळाले मोडीत निघालेल्या मोटारींतून. उमरखेड तालुक्यातल्या पोफाळीला वसंत सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावर उसाच्या वाहतुकीचे काम वाढले. टायरगाडीचे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे आस घडवणे हा वर्कशॉपांचा हक्काचा हंगाम झाला. बैलाच्या मानेवरचा भार आणि गाडीचा घर्षणाचा त्रास हवेच्या टायरने व बेअरिंगने कमी होतो, हे बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी आवर्जून मांडले. खेड्यातल्या कारागिरांनी त्यातले बरेच काही भंगाराच्या बाजारातून आधीच साधले होते.

आणि पाटा? ट्रकचा पाटा शेवटी वखराची पास होतो. विळा, कुऱ्हाड, कोयता होतो. शेतकरी औजार घेताना विचारतो, 'पाट्याचं आहे का?' कारण त्या पोलादाची धार टिकते. ज्या पोलादाने शेतातला कापूस बाजारात नेला तेच पोलाद पुन्हा त्याच शेतात तण काढायला उतरते.

जुगाड की हिकमत

अलीकडे अशा कामाला सरसकट जुगाड म्हणण्याची पद्धत पडली आहे. शहरी माणूस तो शब्द कौतुकाने वापरतो, पण त्यात एक तुच्छताही लपलेली आहे. जुगाड म्हणजे तात्पुरते, अंदाजाने, नशिबावर सोडलेले. वर सांगितलेले पाट्याचे काम यातल्या कोणत्या शब्दात बसते? मराठीत याहून चांगला शब्द पूर्वीपासून आहे, तो म्हणजे हिकमत. अरबीतून फारसी, फारसीतून मराठीत आलेला हा शब्द शहाणपण आणि युक्ती या दोन्हींना एकत्र धरतो.

आपल्या परंपरेत या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. अल-जझरी हा दियारबक्रच्या अर्तुकी राजांच्या पदरी असलेला कारागीर. 1206 साली त्याने पाणी उपसणारी यंत्रे, घड्याळे आणि स्वयंचलित उपकरणे यांवर ग्रंथ लिहिला. आपण स्वतः घडवलेल्या वस्तूंचीच मापे आणि कृती त्याने दिली, म्हणजे दुसऱ्या कारागिराला त्या पुन्हा घडवता याव्यात. इब्न खल्दूनने 1377 साली लिहिलेल्या मुकद्दिमामध्ये हुनरांना स्वतंत्र जागा दिली. हुनर उस्तादाकडून आणि वारंवार करण्यातून अंगी मुरतो, असे त्याचे म्हणणे होते. अमांडा लांझिलो या संशोधक बाईंनी 2024 साली प्रसिद्ध केलेल्या 'पायस लेबर' या इंग्रजी पुस्तकात वसाहतकाळातल्या उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान कारागिरांचा आणि त्यांच्यासाठी निघालेल्या उर्दू हुनर-पुस्तिकांचा अभ्यास केला आहे. भट्टीतले ज्ञान कागदावर उतरू शकते, याचा हा पुरावा आहे.

हिकमत ही केवळ आपल्याच भागाची मिरास आहे असे नाही. दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांग ते संदकफू या डोंगरी वाटेवर इंग्रजांच्या काळाची आठवण देणाऱ्या जुन्या लँड रोव्हर गाड्या अनेक दशके चालत राहिल्या. त्यांना महिंद्राची डिझेल इंजिने बसली आणि मिळेनासे झालेले भाग तिथल्याच मिस्त्रींनी घडवले. तिथे त्या गाड्यांचा लोकांना अभिमान आहे, प्रवासी त्यांचे फोटो काढतात. पुसदच्या पांदणीत तसलेच काम होते तेव्हा त्याचे फोटो कोणी काढत नाही, एवढाच फरक.

मर्यादा, कायदा आणि शाळा

गौरव करताना मर्यादा झाकून ठेवणे योग्य नाही. मोटारीचे काही भाग घरी घडवू नयेत. स्टिअरिंगचे सांधे, ब्रेकचे भाग, पुढच्या एक्सलचा दांडा ही कामे कारखान्याची आहेत. पुण्यात मुंढव्याला नीलकंठराव कल्याणी यांनी 1961 साली स्थापन केलेल्या भारत फोर्जसारख्या कारखान्यात पुढचा एक्सल तापलेल्या पोलादाच्या ठोकळ्यातून प्रचंड दाबाने घडवला जातो. त्यामुळे पोलादाचे तंतू आकाराच्या वळणाने अखंड राहतात. तसे भट्टीत होत नाही. चांगला मिस्त्री हे जाणतो आणि अशा कामाला नाही म्हणतो. नाही म्हणणे हाही हुनराचाच भाग आहे.

कायद्याचेही बंधन आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या मूळ घडणीत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. म्हणजे तुटलेला पाटा त्याच मापाने बदलणे ही दुरुस्ती झाली. गाडी उंच करणे, दुसऱ्याच गाडीचे एक्सल बसवणे हा बदल झाला. पूर्वी ही सीमा अंधुक होती, आता ती स्पष्ट आहे. नव्या गाड्यांची घडणही बदलली. 2010 च्या थार गाडीला मागे पाटे होते, 2020 च्या थारला चारही बाजूंना गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. पाट्याचे काम ट्रक, ट्रॅक्टरची ट्रॉली आणि जुन्या जीपा यांपुरते उरत चालले आहे.

तिसरा प्रश्न मला शिक्षक म्हणून सर्वांत जवळचा वाटतो. हा हुनर आजवर टिकला तो उस्ताद-शागिर्दीने, आणि शागिर्द म्हणजे बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांचा 'छोटू'. त्याच्या बोटांना ग्रीस लागले आणि पाटी सुटली. बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात मोटार दुरुस्ती आणि तिच्यासोबतचे वेल्डिंग, लेथकाम, डेंटिंग, रंगकाम हे मुलांसाठी धोक्याचे म्हणून घातले गेले. 2016 च्या दुरुस्तीने तर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला जवळपास सर्वच धंद्यांत मनाई झाली. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. हे सारे योग्यच झाले. भट्टीसमोर वाढलेले बालपण ही कोणत्याही हुनराची रास्त किंमत नव्हे.

पण छोटू शाळेत आला तेव्हा आपण त्याला काय दिले? उर्दू माध्यमाच्या माझ्या वर्गात मिस्त्रींची मुले बसतात. विज्ञानाच्या पुस्तकात स्थितिस्थापकता येते, उष्णतेने होणारे प्रसरण येते, घर्षण येते. उदाहरणे मात्र रबरबँडची आणि रेल्वेच्या रुळांची. ज्या मुलाच्या बापाने काल नऊ पट्ट्यांचा पाटा बांधला, त्याला हा धडा आपल्याच घरचा आहे हे कोणी सांगत नाही. उलट बापाचा धंदा विचारला की तो मान खाली घालतो. आपल्या समाजात इल्म आणि हुनर यांच्यामधे एक भिंत उभी राहिली आहे. इल्म मदरशात, शाळेत, कॉलेजात, आणि हुनर 'शिकला नाही म्हणून' गॅरेजमध्ये. सच्चर समितीने 2006 साली दाखवून दिले की मुसलमानांत स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आहे. म्हणजे आपल्या समाजाची चूल ज्या हातांवर पेटते त्याच हातांना आपण अडाणी म्हणतो आहोत.

यावर काही करता येण्यासारखे आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. शाळांनी ते दिवस सहलीत न घालवता एखाद्या जाणत्या मिस्त्रीला वर्गात बोलवावे. मुलांनी पाट्याचे चित्र काढावे, प्रत्येक पट्टीची लांबी-जाडी मोजावी, तुटलेल्या एक्सलच्या तोंडावर जुनी तड शोधावी. यात मुलाला भट्टीजवळ न्यावे लागत नाही. चौदा-पंधरा वर्षांनंतर ज्याला हेच काम करायचे आहे त्याला आयटीआयचा रस्ता दाखवावा. तिथे कागदावरची परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे आणि त्याच्या जोरावर कारखान्याचे दारही उघडते.

दुसरे काम आपले, लिहिणाऱ्यांचे. डिस्पोजलच्या गाड्यांवर हात बसलेली पिढी जवळजवळ गेली. त्यांच्याकडून शिकलेले मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्यापाशी बसून त्यांची हत्यारे, मापे, कामाच्या पद्धती आणि कामाचे शब्द लिहून घेतले पाहिजेत. त्या शब्दांत मराठी आहे, दखनी आहे, फारसी आहे, पोर्तुगीज आहे आणि इंग्रजीही आहे. खुद्द मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला. त्यांच्यापैकी पुष्कळांना लिहिता येत नाही, पण सांगता उत्तम येते. कोण कोणाचा शागिर्द, कोणत्या साली कोणती गाडी गावात आली, पहिला लेथ कोणी आणला, कोणत्या पावसाळ्यात कोणता पूल वाहून गेला आणि गाड्या कशा काढल्या, हे सारे त्यांच्या बोलण्यात आहे. गावोगावच्या वाचकांनी आपापल्या गावचे असे चार-दोन मिस्त्री गाठले तरी पुढच्या अंकांसाठी पुरेसा ऐवज गोळा होईल. काम मोठ्या खर्चाचे नाही. एक वही, एक मोजपट्टी आणि दुकान बंद होण्याच्या वेळी थोडी सवड, एवढ्यावर सुरुवात करता येते.